बिडातलं भोक

परवा ऑफिसात एक जण उभा राहिला आणि म्हणाला, माझं सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं, सुरुवातच चुकीची धरली होती. त्यावर टाळ्या पडल्या. मॅनेजरही वाजवत होता. मग दालचिनीचे बन फिरवले. माझा बन माझ्या हातात तसाच.

तारीख १३ ऑक्टोबर. फिनलंडमध्ये हा अपयशाचा दिवस म्हणून पाळतात. आल्तो विद्यापीठातल्या धंदेवाल्या पोरांनी २०१० मध्ये काढलेली टूम, आता ऑफिसा-ऑफिसांत रुजलीय. आपल्याकडे बेंदूर, यांच्याकडे हे. टॅम्परेत मला चार वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी घरूनच काम करायचो. यंदा सापडलो.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की पहिल्या हिवाळ्यात साधे बूट घालून बसस्टॉपवर आपटलो. हसले सगळे. टाळ्याही मिळाल्या. ते अपयश नव्हतं, नुसती फजिती होती, आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ते कळलं असणार. पण ही माणसं तोंडावर काही बोलत नाहीत.

माझं खरं अपयश कुपवाड एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात आहे.

रात्रीची थ्री फेज, म्हणजे शेतीपंपाची तीन तारांची वीज रात्री आली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. बॅटरी घेऊन, बांध चाचपडत विहिरीवर जायचं आणि मोटार चालू करून यायचं. त्यापेक्षा अंथरुणातून मोबाईलवर चालू होईल अशी पेटी मी आणि माझ्या मित्राने बनवली. चाळीस पेट्या विकल्या. पहिल्याच उन्हाळ्यात अकरा मोटारी जळाल्या.

का जळाल्या ते ऐका, कारण हे मी ऑफिसात बोललो नाही. आमची पेटी तिन्ही फेजांचं व्होल्टेज बघायची आणि एक फेज गेली की मोटार बंद करायची. कागदावर एकदम बरोबर. पण चालत्या मोटारीची एक फेज गेली तर त्या मेल्या तारेवर मोटार स्वतःच व्होल्टेज तयार करते. पेटीला वाटायचं, तिन्ही आहेत, चालू द्या. तिकडे उरलेल्या दोन फेजा जादा करंट ओढायच्या आणि वाइंडिंग काळं पडायचं. मोजायला हवा होता करंट, आम्ही व्होल्टेज मोजत बसलो. करंटचा सेन्सर महाग पडतो म्हणून तो मीच काढून टाकला होता. मित्र नको म्हणत होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

अकराच्या अकरा मोटारी रिवाइंड करून दिल्या, बाबांची एफडी मोडून. गाळा सोडला. सहा महिन्यांत मला इथली नोकरी लागली आणि गावात बातमी झाली ती एवढीच, पोरगं फॉरेनला गेलं. पेढे वाटले. बुडालेला धंदा पेढ्यांखाली गेला तो गेलाच. पुन्हा कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पळून आलो असं कुणी म्हणू नका, नोकरीचा अर्ज मी आधीच केला होता. म्हणजे, साधारण आधी.

आणि आता हे मला अपयश शिकवणार? मी किर्लोस्करवाडीचा माणूस आहे. तिथला कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना व्हायचं होतं चित्रकार. जे. जे. मध्ये गेले आणि कळलं की रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग यंत्रांची ड्रॉइंगं शिकवली, बेळगावात सायकली विकल्या. लोखंडी नांगर केला तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. साल १९१०. निवडुंग आणि नाग, एवढंच पीक होतं तिथं. आम्ही हे शाळेत पाठ केलंय. बन न खाता.

खरं सांगायचं तर यांच्याकडेही तशीच गोष्ट आहे. टॅम्परेच्या पश्चिमेला नोकिया नावाचं गाव आहे. १८६५ मध्ये टॅम्परेत लाकडाच्या लगद्याची गिरणी निघाली, तीन वर्षांनी दुसरी या गावाजवळच्या नदीवर, आणि कंपनीने गावाचं नाव उचललं. तिकडे गावाचं नाव कंपनीला, आमच्याकडे कंपनीचं नाव गावाला, रेल्वे स्टेशनाला सुद्धा. माझ्या शेजारच्या आजोबांकडे नोकियाचे गमबूट आहेत. फोन यायच्या कितीतरी आधी त्या गावात रबराचे बूट निघायचे. आजोबा वर्षाला दोन-तीन वाक्यं बोलतात. त्यातलं एक, माझे वडील त्या रबराच्या कारखान्यात होते. फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, कंपनी नेटवर्कची यंत्रं करत राहिली, आणि आजोबा ते गमबूट घालून बर्फ लोटत राहिले. त्यांच्या त्या वाक्यात मला आमचे आप्पा ऐकू आले.

आप्पा म्हणजे माझे आजोबा, वाडीच्या फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे बीड ओतायचे वाळूचे साचे करणारे. भोंग्यावर उठणारा, भोंग्यावर जेवणारा माणूस. आमच्या पडवीत दाराला अडसर म्हणून बिडाचा एक तुकडा असायचा, पंपाच्या भागाचा. त्याच्या पोटात चिंचोक्याएवढं भोक, आतून आरशासारखं गुळगुळीत. त्यांच्या हातचा रिजेक्ट झालेला माल. साहेबांना विचारून, गेटपास करून घरी आणलेला. मी त्यात बोट घालून खेळायचो. एकदा विचारलं, तर म्हणाले, “वाळू वली ऱ्हायली. वाफंला जायला वाट मिळाली न्हाई, ती बिडात बसली.” नवीन मोल्डर पोरं घरी आली की ते आधी चहा द्यायचे आणि मग तो तुकडा हातात. टाळ्या नाहीत. “बोट घाल,” एवढंच.

इथे टाळ्या वाजवायला यांचं जातं काय? नोकरी गेली तरी बेकारी कासा, म्हणजे बेकारांचा निधी आहे, पगाराच्या हिशेबाने भत्ता, कामाची वर्षं भरलेली असली तर ४०० दिवसांपर्यंत. माझ्या अपयशात बाबांची एफडी होती आणि अकरा जणांचं पाणी होतं. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरडछाटणी झालेली आणि विहिरीवरची मोटार बंद. त्याला कोण टाळी वाजवेल? हे मी बन खाता खाता मनात म्हणत होतो आणि स्वतःवर बराच खूश होतो. घरी येईपर्यंत.

संध्याकाळी तासगावकडच्या तात्यांना फोन लावला. पहिली मोटार त्यांची जळाली होती. तिकडे साडेसात वाजले असतील, मागे टीव्हीचा आवाज.

“तात्या, मी बोलतोय, पेटीवाला.”

“बोल की रं. कुठं हाईस?”

मी सांगितलं सगळं. सेन्सर मी काढला होता, पैसे वाचवायला, हे सुद्धा. तात्या गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

“आमाला ठावं हाय,” तात्या म्हणाले. “तुझा दोस्त आला हुता त्याच वक्ताला. सांगून गेला.”

“मग तुम्ही बोलला नाहीत?”

“तू म्हणशील म्हणून वाट बघितली.” मग घरात कुणाला तरी हाक मारून म्हणाले, “ती पेटी आण गं माळ्यावरची.” थोड्या वेळाने फोनवर खिळे खुळखुळल्याचा आवाज आला.