डिकॅट केलेली (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली) गाडी आणि पीयूसी : माझा अनुभव

गेल्या वर्षी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, पुणे पासिंग. आधीच्या मालकाने हौसेने एक्झॉस्ट बदलून घेतला होता : पुढे हेडर (इंजिनमधला धूर बाहेर नेणारे पाइप), मागे जाड टोकाचा सायलेन्सर. आवाज मला आवडला, खोटं कशाला सांगू. पण सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू केली की डोळ्यांना झोंबणारा कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. तळमजल्यावरच्या काकूंना दमा आहे. गाडीचा आवाज आला की त्या स्वयंपाकघराची खिडकी ओढून घेत. ते मला दिसायचं आणि वाईटही वाटायचं.

इन्शुरन्स संपत आला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या आदेशाने नूतनीकरणाला पीयूसी लागायचं. ती अट न्यायालयाने 2024 मध्ये काढली, पण गाडीला पीयूसी हवंच, म्हणून पंपाजवळच्या व्हॅनकडे गेलो. मुलाने टेलपाइपमध्ये नळी घातली. आयडलिंगला (गाडी जागेवर नुसती चालू असताना) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, 0.71 टक्के; एचसी, म्हणजे न जळलेलं इंधन, 286 पीपीएम. रेस करून 2500 आरपीएमवर धरली तेव्हा सीओ 0.64. फेल.

मला वाटलं, गाडी जुनी आहे, मर्यादा सैल असेल. तसं नव्हतं. देशभर बीएस-4 (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं 2017 साली, पण ज्या 13 शहरांत ते 2010 पासूनच होतं त्यांत पुणे होतं (सोलापूरही होतं). म्हणजे माझी गाडी बीएस-4 च. तिला आयडलिंगला सीओ 0.3 आणि एचसी 200 पर्यंतच चालतं. वरच्या आरपीएमला सीओ 0.2 आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा, अचूक असेल तर 1) 0.97 ते 1.03 च्या आत.

व्हॅनवाला म्हणाला, "दादा, दुसरी गाडी लावून तुमचा नंबर टाकतो, कशाला त्रास घेता?" मी नको म्हटलं. आकडा कागदावर बदलला असता, काकूंच्या खिडकीत येणारा धूर तोच राहिला असता.

ओळखीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि खालूनच ओरडला, "हिला कॅटच नाहीये!" हेडर बसवताना कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकला होता. मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक छोटा स्पेसर होता. त्याने सेन्सर धुराच्या मुख्य झोतातून बाहेर राहतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सगळं ठीक वाटतं आणि चेक इंजिनचा दिवा लागत नाही. म्हणून घेताना मला काहीच कळलं नाही. धुरात मात्र स्पेसरने काडीचा फरक पडत नाही. कुणी पेट्रोलमध्ये थिनर टाकायला सांगितलं, कुणी ट्यूनिंग करून घे म्हटलं. लॅम्डा 1.00 येत होता, म्हणजे इंजिन मिक्स्चर बरोबरच देत होतं. जे काम कॅटचं, ते ट्यूनिंगने होणार नव्हतं.

नाना पेठेत चौकशी केली, पण जुना कॅट कुठून आलाय याची खात्री कोण देणार? आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यापायी चोऱ्या होतात. शेवटी आधीच्या मालकालाच फोन केला. नशीब, ओरिजिनल सगळं पोत्यात गुंडाळून त्याच्या माळ्यावर होतं. तिथेच टॉर्च लावून कॅटच्या आत पाहिलं. मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी भोकं, एकही तुकडा निखळलेला नाही, पलीकडून उजेड आरपार. हलवून पाहिला, खडखड नाही. हे तपासल्याशिवाय जुना कॅट बसवू नका.

हेडरचे नट गंजून बसले होते. रात्रभर तेल मारून ठेवलं, तरी एक स्टड तुटलाच. सायलेन्सरही कंपनीचाच परत लावला.

दुसऱ्या टेस्टला सीओ 0.04 वर आला आणि मी खूश झालो, तेवढ्यात लॅम्डा 1.06. पुन्हा फेल! मिक्स्चर बिघडलं असेल म्हणून सेन्सर बदलायच्या मागे लागलो होतो. मेकॅनिकने थांबवलं. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, चालू केली आणि टेलपाइपवर ओलं फडकं दाबून धरायला मला बसवलं. फ्लॅंजपाशी (दोन पाइप जोडतात तिथे) स्पष्ट फुस्स आवाज आला. जुनं गॅस्केट तसंच बसवलं होतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि मशीनला जादा ऑक्सिजन दिसत होता. नवं गॅस्केट दोनशे रुपयांच्या आत आलं.

तिसऱ्या वेळी धनकवडीहून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो आणि इंजिन बंद न करता थेट व्हॅनसमोर उभा राहिलो. कॅट साधारण 300 अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. रांगेत गाडी थंड झाली तर चांगल्या गाडीचेही आकडे चढतात. सीओ 0.02, एचसी 38, वरच्या आरपीएमला सीओ 0.03, लॅम्डा 1.01. बीएस-4 असल्याने वर्षभराचं प्रमाणपत्र मिळालं.

पिकअपमध्ये मला फरक जाणवला नाही. आवाज गेला, त्याची सुरुवातीला चुटपुट लागली. सकाळी थंड इंजिनाचा थोडा वास अजूनही येतो, म्हणून पार्किंगमध्ये गाडी तापवत उभा राहत नाही. चालू केली की हळूहळू बाहेर काढतो. काकूंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "मग आता किती वाजता निघतोस रे?" साडेआठला, म्हटलं. हल्ली साडेआठला त्यांची खिडकी उघडी असते.