तुम्ही विचारलंत म्हणून: संप, बेकारी आणि सहीचा अधिकार

"डॉक्टरांनी जरा कमी मागितलं असतं, तर गिरण्या वाचल्या असत्या ना?" डॉक्टर म्हणजे मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंत. वर्गात मुलं विचारतात, लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात. माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते हे कळलं की अनोळखी माणसंही विचारतात. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे पगार वाढला की रोजगार घटतो हे मी तरी कबूल करावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार आणि बोनस सगळ्यांच्या लक्षात आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ रद्द करा, हीसुद्धा मागणी होती, ती कोणी आठवत नाही. त्या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना वाटाघाट करू शकत होती, आणि कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. कामगार दत्ता सामंतांच्या मागे आणि सहीचा अधिकार मजदूर संघाकडे. सामंत उद्या निम्म्यावर यायला तयार झाले असते, तरी त्यांच्या सहीला कायद्यात किंमत नव्हती.

त्याच वर्षी नेदरलँड्समध्येही बेकारी झपाट्याने वाढत होती. २४ नोव्हेंबर १९८२ ला वासेनारला कामगार महासंघाचे विम कोक आणि मालक संघटनेचे क्रिस फान फेन यांनी करार केला. कामगारांनी पगारवाढीचा आग्रह सोडायचा, बदल्यात कामाचे तास कमी करून काम वाटून घ्यायचं. हे प्रेमाने झालं नाही, सरकार पगार गोठवायच्या तयारीत होतं. पण कोक यांनी माघार घेतली ती कामगारांनी मानली, कारण ते त्यांचे होते. माघार घ्यायलासुद्धा आपला माणूस लागतो.

काल्मफोर्स आणि ड्रिफिल या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडलं की वाटाघाट देशपातळीवर किंवा थेट कारखान्यात झाली तर बेकारी कमी राहते, मधल्या, उद्योगाच्या पातळीवर झाली तर वाढते. मुंबई त्या मधल्या खणात बसते, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. पण टेबलावर बसलेली संघटना कामगारांची आहे, हे त्या मांडणीत गृहीतच धरलंय. आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं.

१९८३ च्या पावसाळ्यात वडील गिरणीच्या गेटवर गेले, मला सोबत घेऊन. मी सातवीत होते. त्यांना अक्षरं लावत लावत वाचावं लागे आणि परत कामावर घेताना सही करायला लावायचे तो कागद छापील असणार हे त्यांना ठाऊक होतं. मी वाचून दाखवला. संप बेकायदेशीर होता हे मला मान्य आहे, पुन्हा असं करणार नाही, मागची नोकरी धरली जाणार नाही. बदली कामगार म्हणून काढलेली वर्षं आणि नंतरची कायमची, सगळी गेली. त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग टेबलावरच्या कारकुनाला विचारलं, "हे कुणाला विचारून ठरवलं?" तो म्हणाला, "कायद्याप्रमाणे आहे, काका. मागे रांग आहे." रांग खरंच होती. मागच्या माणसाने सही केली. तो आमच्याच चाळीतला होता, वडिलांच्या नजरेला नजर न देता आत गेला. वडिलांनी कागद परत ठेवला. घरी आई दोन दिवस बोलली नाही.

पुढे ते भिवंडीत पॉवरलूमवर लागले. साचा तोच, पाळी बारा तासांची, ना भत्ता ना फंड. त्यामुळे बेकारांच्या मोजणीत ते कधी आलेच नाहीत. बेकारीच्या डच आकड्यांकडेही मी म्हणूनच जपून बघते. १९९० च्या सुमारास त्या दीड कोटींच्या देशात दहा लाखांच्या जवळपास माणसं अपंगत्वाच्या भत्त्यावर होती, आणि नव्या नोकऱ्यांतल्या पुष्कळशा अर्धवेळ होत्या.

विद्यार्थिनी असताना मी म्हणायचे, तो १९४६ चा कायदा गेला असता तर गिरण्या टिकल्या असत्या. आज तेवढ्या जोराने म्हणवत नाही. यंत्रं जुनाट होती, मालकांनी नफा दुसरीकडे वळवला होता, कापड भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीला निघालं होतं आणि पुढे तर जमिनीलाच कापडापेक्षा जास्त मोल आलं. तोट्यातल्या गिरण्यांना मागणी झेपणारी नव्हती, हेही खरं. पण म्हणून तुमचं म्हणणं मान्य होत नाही. आणि "सही केली असती तर" असं आई अजून म्हणते, तेव्हा तिला उलट बोलायचा अधिकार मला नाही. भिवंडीच्या पैशांत घर तिने चालवलं.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिलाय. १९८२ ला हे असतं तर, असं वाटून जातं. पण कंत्राटी माणूस कंपनीच्या हजेरीपटावर नसतो. त्याच्या वतीने कोण बोलणार, याचं उत्तर मला त्या संहितेत सापडलेलं नाही.