सेटिंग ठेवायची कुठे?

आजचा दिवस कोल्डफ्यूजन या वेब-ॲप बनवायच्या भाषेतल्या जुन्या ॲपच्या सेटिंग्ज आवरण्यात गेला. डेटासोर्सचं (डेटाबेस जोडणीचं) नाव, मेल सर्व्हर सगळ्या युजरना सारखंच, मग ते सेशन स्कोपमध्ये, म्हणजे प्रत्येक युजरच्या वेगळ्या कप्प्यात, कशाला? जितकी सेशन्स, तितक्या प्रती मेमरीत. हे ॲप्लिकेशन स्कोपमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कप्प्यात, ॲप सुरू होताना चालणाऱ्या ‘ऑनॲप्लिकेशनस्टार्ट’मध्ये एकदाच भरायचं. गोची एवढीच की फाइलमध्ये सेटिंगची व्हॅल्यू बदलली तरी ‘ऑनॲप्लिकेशनस्टार्ट’ आपणहून पुन्हा चालत नाही. ॲप थांबून नव्याने सुरू व्हावं म्हणून ‘ॲप्लिकेशनस्टॉप’ चालवावं लागतं. भाषा, थीम मात्र ज्याची त्याची, म्हणून सेशनमध्ये.

खरा घोळ वेगळाच. कंपोनंट (फंक्शन्सचा संच) ॲप्लिकेशन स्कोपमध्ये ठेवला आणि फंक्शनमधल्या लूपच्या ‘आय’ या व्हेरिएबलला ‘व्हार’ (ते फंक्शनपुरतंच ठेवणारा शब्द) लावला नाही, तर तो ‘आय’ सगळ्या रिक्वेस्ट्सचा सामाईक होतो. मग एकाच्या यादीत दुसऱ्याच्या ओळी! एकट्याने टेस्ट करताना हे सहसा सापडतच नाही.