अ‍ॅटलसमधलं माळवद

मी टूर मॅनेजर आहे, बारा वर्षं झाली, आणि मोरोक्को माझ्याकडे कोविडच्या आधीपासून आहे. ही गोष्ट ऑक्टोबर २०२४ ची, दसरा झाल्यावर निघालेल्या बॅचची. २२ जण होते, बहुतेक पुण्या-मुंबईचे, आणि एक काकू किल्लारीकडच्या. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने आणि सुनेने त्यांना सोबत आणलेलं. वय पासष्टच्या आसपास, सुती साडी, पायात स्पोर्ट शूज. पहिले सात-आठ दिवस त्या कुणाशी फार बोलल्याच नाहीत, फक्त बघत होत्या.

म्हणजे फेस नावाच्या शहराच्या जुन्या भागात गाड्या चालत नाहीत, बराच माल खेचरांवरून जातो आणि हाकणारा मागून "बालक बालक" ओरडत येतो, म्हणजे बाजूला व्हा, तर आमचे लोक किंचाळत भिंतीला चिकटायचे आणि काकू शांतपणे खेचराच्या पाठीवर हात ठेवून त्याला वाट करून द्यायच्या. चामडं कमावायच्या कुंडांपाशी वरच्या गच्चीत सगळ्यांना नाकाला लावायला पुदिन्याच्या काड्या देतात, कारण खाली चुना आणि कबुतरांची विष्ठा घालून कातडी भिजत टाकलेली असते. काकूंनी पुदिना हातात नुसता धरून ठेवला आणि खाली मांडीपर्यंत पाण्यात उतरलेल्या माणसांकडे बघत राहिल्या. मर्झूगाला वाळवंटात सगळे उंटावर बसून सेल्फी काढत होते तेव्हा त्या खाली वाळू मुठीत घेऊन सोडत बसलेल्या. मला वाटलं यांना टूर आवडत नाहीये, मुलाने जबरदस्तीने आणलेलं दिसतंय. असे लोक दर बॅचमध्ये एखाद-दुसरे असतात आणि मी त्यांची काळजी जास्त घेतो, पण काकूंना काय हवंय ते मला कळत नव्हतं.

पहिल्यांदा त्या बोलल्या आयत बेनहद्दूला. हे मातीचं जुनं तटबंदीचं गाव, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, सहाराकडून मराकेशला जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवरचं. मी तिथे नेहमीची माहिती सांगत होतो, दोन फळ्यांच्या मध्ये ओली माती भरून ती कशी चोपतात आणि थरावर थर चढवत भिंत कशी उभी करतात. एका घरात शिरल्यावर काकू मान वर करून थांबल्या त्या थांबल्याच. वर लाकडाचे गोल वासे, त्यावर बोरूची चटई, त्यावर माती. म्हणाल्या, "हे तर माळवद हाय की."

मी पुण्याचा, मला माळवद शब्द माहीत होता पण आतून माहीत नव्हतं. काकूंनी मला सांगितलं, लाकडाच्या तुळया, त्यावर आडवे किलचन, मग पाला आणि वर पांढरी माती. ती माती पावसाळ्याच्या आधी दरवर्षी नव्याने टाकायची म्हणजे गळत नाही, उन्हाळ्यात खाली गार राहतं. आणि मग एवढंच म्हणाल्या, "दरसाली टाकायची म्हणून दरसाली वजन वाढतंय, ते कुणाच्या ध्यानात येत नाही." त्यावर मुलगा एकदम म्हणाला, आई, चल पुढे. तेव्हा मला कळलं नाही, रात्री जेवताना त्याने सांगितलं. किल्लारीचा भूकंप. १९९३, ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. काकू सहा वर्षांच्या मुलाला घेऊन अंगणात झोपल्या होत्या म्हणून ते दोघं वाचले, सासूबाई गोठ्यापाशी होत्या त्या वाचल्या. सासरे आणि दीर आत होते.

आणि मला धडकीच भरली, कारण दोन दिवसांनी प्रोग्रॅममध्ये अ‍ॅटलस पर्वतातलं बर्बर गाव होतं.

याबद्दल थोडं सांगायला हवं. बर्बर हा बाहेरच्यांनी दिलेला शब्द, ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, त्यांच्या भाषेला २०११ च्या राज्यघटनेत अरबीबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला, रस्त्यावरच्या सरकारी पाट्यांवर त्यांची तिफिनाघ लिपी दिसते. मराकेशपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर इमलील आहे, ४१६७ मीटरच्या तूबकाल शिखराच्या पायथ्याशी, आणि त्या खोऱ्यात आमचं एका घरी जेवण ठरलेलं असतं. ८ सप्टेंबर २०२३ ला रात्री ११ वाजून ११ मिनिटांनी त्याच डोंगरात ६.८ चा भूकंप झाला, २९०० च्या वर माणसं गेली. त्यानंतर आम्ही ते गाव प्रोग्रॅममधून काढलं होतं, मलाच ते बरोबर वाटत नव्हतं, लोक तंबूत राहतायत आणि आपण फोटो काढत फिरायचं. पण आमचा लोकल गाइड, तो स्वतः त्याच डोंगरातला, त्याने मला फोन करून सांगितलं की तुम्ही लोक आला नाहीत तर त्यांना दुसरा भूकंप होतो. म्हणून परत सुरू केलं.

मराकेशला पोचलो त्या संध्याकाळी मी मुलाशी बोललो, म्हटलं उद्या आईंना हॉटेलवर राहू दे, मी कुणाची तरी सोबत देतो. तो म्हणाला विचारून बघतो. सकाळी काकू सगळ्यांच्या आधी बसमध्ये बसलेल्या.

वाटेतल्या अस्नी गावाच्या पुढे दोन्ही बाजूंना दिसायला लागलं. पडलेल्या भिंती, त्याच्या शेजारी निळ्या-पांढऱ्या ताडपत्र्या, मध्येच नवे सिमेंटचे कॉलम उभे, वर सळ्या निघालेल्या. बसमध्ये सगळे गप्प. आम्ही उतरून वीसेक मिनिटं चढून गेलो, अक्रोडाची झाडं सगळीकडे, ऑक्टोबर म्हणजे तिथे अक्रोड झोडपायचा हंगाम. ज्या घरी जेवण असतं त्या बाई पन्नाशीच्या, गाइड त्यांना खाल्ती म्हणतो, खाल्ती म्हणजे मावशी. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, प्रत्येक वेळी आपला हात छातीला लावून. त्यांची बोटं काळीभोर झालेली. काकूंनी त्यांचा हात धरूनच ठेवला आणि मला विचारलं, "ही मेंदी हाय का?" मी गाइडला विचारलं, त्याने त्यांना विचारलं, उत्तर उलट फिरून आलं. ती अक्रोडाच्या हिरव्या सालीची, महिनाभर जात नाही.

जेवण नव्या अर्ध्या बांधलेल्या घराच्या अंगणात होतं. भाज्यांचं ताजीन, तव्यावरची जाड भाकरीसारखी रोटी, पुदिन्याचा चहा. जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे गाव फिरवायला निघालो तर काकू नाहीत. बघतो तर त्या मागच्या पडलेल्या घराच्या उंबऱ्यावर उभ्या. तीन भिंती अर्ध्या उभ्या, छप्पर एका कोपऱ्यात लोंबतंय. गाइड ओरडत धावला, कारण तिथे जायला परवानगीच नाही, केव्हाही ढासळेल. काकू आत गेल्या नव्हत्या. भिंतीत जिथून वासा निसटला होता त्या खोबणीकडे बोट दाखवत होत्या. मला म्हणाल्या, "इचार त्यांना, आत खांब व्हते का?"

मी इंग्रजीत विचारलं, गाइडने तशल्हीतमध्ये, म्हणजे तिथल्या अमाझिघ बोलीत. खाल्ती म्हणाल्या खांब नव्हते, वासे भिंतीवरच टेकलेले. काकू मान हलवून म्हणाल्या आमच्याकडे ज्यांची खणाची घरं होती, म्हणजे लाकडी खांबांवर छप्पर तोललेलं, त्यातली काही घरं अशी की भिंती बाहेर पडल्या आणि छप्पर खांबांवर उभं राहिलं, माणसं वाचली. आमच्या आतल्या खोलीला खांब नव्हते. सगळा भार दगडमातीच्या भिंतीवर.

मी हे भाषांतर करत होतो आणि माझा आवाज नीट येत नव्हता. गाइड थांबला, माझ्याकडे बघितलं, मग सांगितलं त्यांना, की या बाईंच्या गावातही असंच झालं, ३१ वर्षांपूर्वी. खाल्तींनी फक्त विचारलं, रात्री? काकू म्हणाल्या, पहाटं. त्यानंतर दोघी त्या ढिगाऱ्यापासून जरा लांब एका ओट्यावर बसल्या आणि आम्ही दोघं समोर उकिडवे. आमच्या मागे हळूहळू सगळा ग्रुप येऊन उभा राहिला. मी कुणाला बोलावलं नव्हतं, आणि एकानेही मोबाइल वर केला नाही.

त्या दोघींनी गेलेल्या माणसांबद्दल एक शब्द काढला नाही, हे मला अजून आठवतं. बोलल्या ते घराबद्दल. काकूंनी विचारलं पैसे किती मिळाले. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने १ लाख ४० हजार दिरहम जाहीर केले, आपले साधारण बारा लाख, ते हप्त्याहप्त्याने, आणि वर्षभर महिन्याला २५०० दिरहम. नवं घर कॉलम-बीमचंच हवं, इंजिनियर येऊन बघितल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. खाल्तींची तक्रार अशी की सिमेंटची खोली थंडीत बर्फ होते, मातीची नव्हती होत. काकू म्हणाल्या, "अगदी." किल्लारी भागात ५२ गावं दुसरीकडे नेऊन नव्याने वसवली, सरळ रेषेत रस्ते, सरळ रेषेत घरं, शेजारी कोण ते आधी कळेना. मग म्हणाल्या, "घरला उंबरा बी नव्हता. सासूबाई चार दिवस दारातच बसून राहिल्या, आत जाईनात. मग मी जुन्या घरचा दगड आणून बशिवला." उंबऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला त्या क्षणी आठवेना, मी हाताने दाखवलं, दाराखालचा दगड, ओलांडून आत जायचं. खाल्तींना गाइडच्या आधी कळलं.

आणि मग काकू जे म्हणाल्या त्यासाठी खरं तर मी हे लिहितोय. म्हणाल्या, "त्यांना सांग, लाकूड इकू नका म्हणावं." त्यांच्या वाड्याचं सागवान ढिगाऱ्यातून काढलं आणि व्यापारी ट्रक घेऊन आले त्यांना कवडीमोल विकलं. तेव्हा पैसे हवे होते, ठेवायला जागा नव्हती, आणि ते लाकूड डोळ्यासमोर नको वाटत होतं. "नंतर लई वाटतं. कुणाच्या बंगल्यात लागलं असल काय म्हाइत."

खाल्ती ऐकून उठल्या आणि आम्हाला नव्या घराच्या मागे घेऊन गेल्या. ताडपत्रीखाली लाकडं रचलेली, विटांवर ठेवलेली, म्हणजे खाली ओल लागू नये. आणि त्याच्या पुढे भिंतीला टेकवून दार. एका फळीचं जाडजूड, बुटकं, माझ्या छातीइतकं असेल, त्यावर कोरलेले त्रिकोण आणि चक्रं, कडीच्या भोवती हात लागून लागून लाकूड गुळगुळीत आणि काळं झालेलं, आणि एक उभी भेग, ती पत्र्याची पट्टी ठोकून सांधलेली. खाल्तींनी सांगितलं की मराकेशहून माणूस दोनदा येऊन गेला, दार मागत होता. दिलं नाही.

आता ही दारं मी ओळखतो. मराकेशच्या बाजारात जुनी बर्बर दारं विकणारी दुकानं आहेत, मी आदल्याच संध्याकाळी ग्रुपला एका दुकानात नेलं होतं आणि नेहमीप्रमाणे सांगितलं होतं की हे खरं जुनं काम आहे, असं आता बनत नाही. आमच्यातल्या एका काकांनी नव्या फार्महाऊससाठी एक बघून ठेवलं होतं, शिपिंगचं बोलणंही झालेलं. ते काका तिथेच उभे होते. इतक्या वर्षांत, भूकंपानंतरही, ही दारं कुठल्या घरातून येतात हे मी त्या दुकानदाराला एकदाही विचारलं नव्हतं. सगळी पडलेल्या घरांचीच असतात असं मी म्हणणार नाही, बरीच आधीपासून फिरतायत, नवी करून जुनी दाखवलेलीही असतात. पण विचारायला पाहिजे होतं. ते माझं काम होतं.

एक तासाचा स्टॉप होता, आम्ही तीन तास थांबलो. मराकेशच्या जेमा अल फना चौकातली संध्याकाळ हुकली, दोघा-तिघांनी नाराजी दाखवली, त्यांचंही बरोबर होतं, पैसे भरलेत त्यांनी. निघताना खाल्तींनी काकूंच्या ओटीत, खरंच पदरातच, अक्रोड ओतले आणि काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, मग थबकल्या आणि परत आत ठेवली. गळ्यात पडल्या दोघी. बसमध्ये काकूंनी मला जवळ बोलावून विचारलं, घराला काय म्हणतात यांच्या भाषेत. मी म्हटलं तिगेम्मी. तिगेम्मी, तिगेम्मी, असं दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि खिडकीला डोकं टेकवून झोपल्या. त्या काकांनी दार घेतलं नाही. मी त्यांना काही बोललो नव्हतो.

एप्रिल २०२५ ला पुढची बॅच घेऊन गेलो तेव्हा खाल्तींच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला होता आणि पुढच्या खोलीला तेच दार बसवलेलं. चौकट उंच, दार बुटकं, म्हणून वर दीड फूट विटा भरून घेतलेल्या, प्लास्टर अजून ओलं होतं. मी फोटो काढून काकूंना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबड्यांचा आवाज, "बरं झालं माय. खाली उंबरा हाय का बघ की, फोटूत दिसंना."

मी परत चढून गेलो बघायला. होता, दगडाचा, मधोमध झिजलेला.