पाया पडू नका

वारीत सगळे सगळ्यांच्या पाया पडतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण 29 जून 2024 ला आळंदीत, प्रस्थानाच्या दिवशी, पहिल्या तासाभरात अकरा जण माझ्या पायांना हात लावून गेले आणि अकराही वेळा मी ओठ दाबून ‘माउली, माउली’ म्हणाले. त्यातलं निम्मं तरी ‘आई गं’ होतं.

पाच वर्षं माझ्या पायांना काहीतरी झालंय. तळव्यांत निखारे, बोटांत मुंग्या, मधूनच टाचेत सुई घुसल्यासारखी कळ. साखर नाही. बी-12 बरोबर, थायरॉइड बरोबर, मणक्याचा एमआरआय स्वच्छ. एनसीव्ही म्हणून एक तपासणी असते, पायाला विजेचे झटके देऊन नसा बघतात. तीही नॉर्मल. पुढे कळलं की तिच्यात जाड नसांचंच काय ते दिसतं. आग आणि कळ वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या नजरेत येतच नाहीत. फाइलवर ‘इडिओपॅथिक’ असं लिहिलंय. ‘आम्हाला माहीत नाही’ हेच ग्रीकमधून लिहिलं की त्याची फी घेता येते.

त्यात हलका स्पर्श अजिबात चालत नाही. गच्च दाबलं तर सोसतं, पण चादरीची कड नुसती घासली तरी डोळ्यांत पाणी. थंडीतसुद्धा माझे पाय पांघरुणाबाहेर.

मग वारीला कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. चालताना दुखतंच, पण कमी. पाठ टेकली की खरा तमाशा सुरू होतो. मग म्हटलं, निदान दिवसभर तरी चालू.

दिंडी रथामागची. पुण्यातले दोन मुक्काम, दिवे घाट, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण हे सगळं झालं, फोटो आहेत. मला आठवतात त्या रात्री. तंबूत अठरा बायका, मी दाराशी, पाय बाहेर काढून. नऊच्या गोळीने झोप यायची ती अशी, की पहाटे तीनला काकड्याच्या गडबडीत कुणी हलवलं तर आपण कोण हेही आठवू नये. आणि कुणीतरी अंधारात पाण्याचा तांब्या घेऊन जाताना बरोबर माझ्याच पायाला लुगडं घासून जाणार. हरिपाठ म्हणून आलेल्या तोंडातून काय काय शब्द निघतात, ते मला त्या तंबूत कळलं.

सल्ल्यांना तर तोटा नाही. मेथ्या खा. चपला बदला. टेन्शन घेऊ नका. कुणा मेहुण्याला सेम असंच होतं, सांगलीकडे एक वैद्य आहे. ‘श्रद्धा कमी पडते हो ताई’ असंही एका बाईंनी ऐकवलं. त्यांचं सामान ट्रकमध्ये, त्या स्वतः जीपमध्ये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बाबतीत तिला फार लांब जावं लागत नाही.

बरडहून नातेपुत्याला निघालो त्या दिवशी पावसाने दडी मारली होती. धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर स्वागत, भाषणं, पुष्पवृष्टी. मी चप्पल किती तापलीय एवढंच बघत होते. नवा पालखी महामार्ग काँक्रीटचा, रुंद आणि उघडा. जुनी झाडं रुंदीकरणात गेली, सावलीला टँकरची बाजू नाहीतर बोर्ड. काँक्रीट खालून भाजतं आणि वरून डोळ्यांत मारतं. दुपारी दोनच्या सुमारास उजव्या अंगठ्याखाली काहीतरी ओलं लागलं. बसून बघितलं तर लिंबाएवढा फोड.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. खरोखर. पाच वर्षांत पहिल्यांदा पायाला असं काही झालं होतं जे बोट ठेवून दाखवता येईल. हे बघा, हा फोड, म्हणून दुखतंय. शेजारून जाणारी माणसंही लगेच ‘अरे अरे’ म्हणाली. निखाऱ्यांना पाच वर्षांत कुणी अरे अरे म्हटलं नव्हतं.

मग रडू आलं. फोडाचं नव्हे.

रस्त्याकडेला एका वळकटीवर परभणीकडची एक आजी बसली होती. तिची दिंडी पुढे गेली होती, तिला काही घाई नव्हती.

“काहून रडायलीस माय? दुखायलेत का?”

फोड दाखवला. तिने तो बाजूला सारल्यासारखा पाय फिरवला आणि तळव्याकडे बघत म्हणाली, “ह्यो काल-परवाचा. जुनं कुठं हाय?”

मी सांगितलं. कुठवर आग, कधी जास्त, हे तिने विचारलं; कशामुळे, ते विचारलं नाही. पिशवीतून कांस्याची वाटी काढली, डबीतलं खोबरेल. मी पाय ओढून घेतला. म्हटलं, आजी, तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा नाही, तुमचं वय काय.

“गप बस. सुनंचे चोळले, म्हशीचे चोळले. तुझेच काय सोन्याचे हायेत?”

तिचा हात जड होता. हलकं काही त्या हाताला येतच नसावं. टाच मुठीत धरून तिने फोड वगळला आणि वाटी तळव्यावर अशी फिरवली, की कळ उठायच्या आधीच दाबली जात होती. वाटीच्या बुडाला आणि माझ्या तळव्याला काळं आलं. “बघ, उष्णता निघायली,” आजी म्हणाली. ते तेलाने आणि घामाने सुटलेलं धातूचं काळं, हे मला माहीत होतं. तसं सांगायचं ओठांवरही आलं होतं. गिळलं.

तिने दोन्ही पाय केले. अर्धा तास तरी. एकदा मध्येच थांबून तंबाखू मळली. तेवढ्या वेळात रस्त्याने किती दिंड्या गेल्या देव जाणे. पैसे देऊ केले तर ओरडली. नाव विचारायचं राहिलं. त्या रात्री मी गोळी न घेता दोन तास झोपले, मग निखारे आले ते आलेच.

नातेपुत्याच्या तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून होते ती समाजआरती मी लांबून ऐकली. चोपदाराने दंड उंचावला, हजारो टाळ गप्प झाले, आणि एकच दिंडी वाजवत राहिली. तिची काहीतरी तक्रार होती. चोपदार गेले, ऐकून घेतलं, मग ती थांबली. माझे पाय ती दिंडी आहेत, पाच वर्षं टाळ कुटताहेत, असं शेजारच्या काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “उद्या सदाशिवनगरचं रिंगण, लवकर जेवून घ्या.”

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत मी लागले नाही. मुखदर्शन घेतलं. माणसांच्या हातांनी त्याचेही पाय झिजतात, म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो, हे रांगेशेजारून जाताना आठवलं. तो काही बोलत नाही, ही त्याची सोय.

घरी आले तर जिन्यातच शेजारची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. वारीहून आलेल्याच्या पायांवर पाणी घालून पाया पडायचं, हे तिच्या आजीने शिकवलेलं. ती वाकली.

“थांब,” मी म्हटलं. “बोटं नको लावूस. पंजा ठेव. आणि दाबून.”