लोणच्याची बरणी आणि तीन टँकर

आमच्या मैला प्रक्रिया केंद्रात वीज लागते ती एका पंपाला आणि ऑफिसातल्या पंख्याला. बाकी सगळं ऊन आणि वाळू करतात. गाळ वाळवायच्या बेडमध्ये तळाला जाड खडी, तिच्यावर बारीक खडी, सगळ्यात वर वीतभर वाळू. त्यावर सेप्टिक टँकचा गाळ फूटभराच्या आत सोडायचा. बरंचसं पाणी खाली झिरपतं, उरलेलं उन्हानं उडतं. उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत भेगा पडल्या की पापुद्रे फावड्यानं अलगद उचलायचे. ठेकेदाराची माणसं गाळाबरोबर वाळूही खरवडून नेतात. वाळूचं बिल मात्र आमच्या नावावर.

यात्रा उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी तीन टँकर उभे. फिरत्या शौचालयांचा मैला, दोन-तीन दिवसांचा. सेप्टिक टँकमध्ये वर्षानुवर्षं कुजलेला गाळ काळा असतो, वास बेताचा. हा पिवळट, आणि नाकातोंडात जाणारा. तरी मी बरणी काढली. लोणच्याची जुनी काचेची बरणी, हीच माझी प्रयोगशाळा. जुना गाळ तिच्यात अर्ध्या तासात खाली बसतो, वर चहासारखं पाणी राहतं. हा तासाभरानंतरही पिठल्यासारखा एकजीव. असला मैला बेडवर सोडला की वाळूची भोकं बुजतात आणि बेड महिनाभर दलदल होऊन पडतो.

साहेबांना फोन लावला. "घेऊन टाका हो, बेड कशाला बांधलेत?" साहेबांनी बेड पाहिलाय तो उद्घाटनाला, कोरडा.

एक टँकर घेतला. साठवण टाकीत त्याच्या चौपट जुना गाळ होता, त्यात मिसळला. असं मिसळलं तर पाणी सुटतं. बाकी दोघांना सांगितलं, परवा या, तोवर जुना गाळ आणखी येईल.

त्यातला एक ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तोवर हे घेऊन झोपू कुठं?" त्याला पैसे खेपेवर मिळतात.

परवा एकच टँकर आला. वीटभट्टीमागच्या ओढ्याला त्या आठवड्यात वास होता, असं आमचा वॉचमन म्हणाला. मी गेलो नाही बघायला. बेड माझे वाचले, मिसळलेल्या गाळाला पंधराव्या दिवशी भेगा पडल्या. रजिस्टरात न आलेल्या टँकरपुढे मी 'परत' असं लिहिलंय, वेळेसकट.

घेतला असता तर एक बेड गेला असता. फार तर दोन.