गिझर घेण्याआधी पाणी मोजा, खोली मोजा

सोलापूरहून अमेरिकेत मुलाकडे आलेले आई-वडील पहिल्याच सकाळी विचारतात, "गिझरचं बटण कुठंय?" बटण नसतंच. गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये माणसाच्या खांद्याएवढी उंच टाकी उभी असते, बऱ्याच घरांत ५० गॅलनची, म्हणजे साधारण १८९ लिटरची. ती दिवसरात्र तापलेली असते आणि घरातल्या प्रत्येक नळाला तिथूनच गरम पाणी जातं. आजवर या टाकीत एक तर खाली गॅसचा बर्नर असायचा, नाही तर ४,५०० वॅटची दोन एलिमेंट. आता तिच्या डोक्यावर पंखा आणि कॉम्प्रेसर बसायला लागला आहे. त्याला हीट पंप वॉटर हीटर म्हणतात, आणि त्याच्यामागे सरकारी नियम आहेत.

२०१५ च्या एप्रिलपासून ५५ गॅलनपेक्षा मोठ्या विजेच्या टाक्यांना इतकी कार्यक्षमता लागू झाली की नुसत्या एलिमेंटला ती गाठणं शक्यच नव्हतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऊर्जा खात्याने पुढचा नियम काढला. ६ मे २०२९ पासून बनणाऱ्या, ३५ गॅलनवरच्या नेहमीच्या घरगुती विजेच्या टाक्यांनाही तोच न्याय लागतो. लहान टाक्यांमध्ये एलिमेंट चालू राहतं. गॅसच्या टाक्यांवर मात्र हा नियम बराच सौम्य आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात हवा-प्रदूषणाचा वेगळा नियम आहे, तो नवीन गॅस हीटर विकण्या-बसवण्यावरच येतो. सरकार बदललं की असे नियम मागेपुढे होतात, म्हणून खरेदीच्या वेळी आपल्या गावचा नियम पुन्हा पाहावा.

मोजमापाचा आकडा आहे यूईएफ, म्हणजे खर्च केलेल्या एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता पाण्यातून मिळते ते. एलिमेंटच्या टाकीचा ०.९२ ते ०.९३, हीट पंपाचा ३.३ ते ४. एकापेक्षा जास्त आकडा ऐकून बरेच जण बुचकळ्यात पडतात. हीट पंप उष्णता तयार करत नाही. तो खोलीतल्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात ढकलतो, म्हणजे फ्रीजचंच काम उलट्या बाजूने. वीज लागते ती फक्त ढकलण्याला.

आकडेमोड कागदावर करून बघा. सरकारी चाचणीत मध्यम कुटुंबासाठी दिवसाला ५५ गॅलन, म्हणजे २०८ लिटर पाणी धरतात. ते १४ अंशांवरून ५२ अंशांवर न्यायला सुमारे ९ युनिट उष्णता लागते. एलिमेंटला त्यासाठी पावणेदहा युनिट वीज, वर्षाला साडेतीन हजार. साडेतीन यूईएफच्या हीट पंपाला दिवसाला अडीच-पावणेतीन, वर्षाला हजाराच्या आत. टाकीवर चिकटवलेल्या पिवळ्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दुकानात फिरताना डॉलरमधला बचतीचा आकडा सोडा आणि हे युनिट वाचा, कारण विजेचा दर राज्याराज्यात वेगळा असतो.

खरी अडचण खोलीची. पंप हवेतली उष्णता घेतो म्हणून त्याला हवा लागते, बऱ्याच मॉडेलना सुमारे ७०० घनफूट. आठ फूट उंचीच्या छताखाली ते साधारण नऊ बाय दहा फुटांची खोली होते. कपाटाएवढ्या जागेत कोंडला तर तो स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढतो, कार्यक्षमता घसरते आणि शेवटी एलिमेंट चालू होतं. बिल पूर्वीइतकंच येतं आणि लोक यंत्राला दोष देतात. आडव्या फटींचा (लुव्हर) दरवाजा किंवा हवेची नळी लावून यातून वाट निघते, पण हे बसवण्याआधी ठरवायचं.

तीच टाकी गावाप्रमाणे वेगळी वागते. टेक्सास-फ्लोरिडाचं गॅरेज म्हणजे आपला एप्रिल-मे: गरम हवा फुकट, पंप मजेत चालतो. मिनेसोटात हिवाळ्यात गॅरेज गोठतं. तिथे टाकी बेसमेंटमध्ये ठेवावी लागते, आणि मग ती घर तापवायला आधीच खर्च केलेली उष्णता ओढते. उन्हाळ्यात त्याच बेसमेंटची दमट हवा सुकते, हा लाभ खरा आहे. हवा ३ अंशांच्या आसपास आली की बरीच मॉडेल पंप बंद करून एलिमेंटवर जातात.

दुसरी गोष्ट वेगाची. नुसत्या पंपावर १८९ लिटर थंड पाणी तापायला सहा-सात तास लागतात, एलिमेंटला दोन. म्हणून यंत्रावर हायब्रिड मोड असतो: रोज पंप, घाई झाली की एलिमेंट मदतीला. दिवाळीला दहा पाहुणे एकापाठोपाठ अभ्यंगस्नान करणार असतील तर आदल्या रात्री 'हाय डिमांड' लावावं आणि दुसऱ्या दिवशी परत खाली आणावं. ते परत आणायचं राहून जातं, आणि 'हीट पंप घेऊनही बिल उतरलं नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच बटण निघतं. एक आकार मोठा घेणं, म्हणजे ५० च्या जागी ६५ गॅलन, हे चार-पाच माणसांच्या घरात आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. मोठी टाकी पंपावरच भागवते.

बसवताना चुका ठरलेल्या जागी होतात. एसीच्या नळीतून ठिबकतं तसं यातूनही पाणी निघतं. त्याची पाऊण इंची पीव्हीसी नळी उतार देऊन जमिनीतल्या नाल्यापर्यंत न्यायची, आणि नाला नसेल तर ते पाणी उपसणारा लहान कंडेन्सेट पंप लावायचा. नळी आडवी धरली की शेवाळ साचून ती तुंबते आणि पाणी टाकीखालच्या ताटलीत उतरतं. वीज २४० व्होल्टची, ३० अँपिअरचा ब्रेकर, १० गेजची तांब्याची वायर. गॅसवरून येणाऱ्या घरात पॅनलमध्ये जागा नसली तर तेच सर्वांत महाग काम ठरतं. त्यांच्यासाठी साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी मॉडेल आली आहेत. पण बहुतेकांत मोठं एलिमेंट नसतं, म्हणून तापण्याची गती आणखी कमी.

टाकी भरल्याशिवाय ब्रेकर चढवायचा नाही. जवळचा गरम नळ उघडा ठेवा, हवेचे फुसके थांबून सलग धार येऊ द्या, मग वीज. कोरडं एलिमेंट काही सेकंदांत जळतं. बाहेरच्या पाइपावर एकदिशा झडप असेल तर तापून फुगलेल्या पाण्याला परत जायला वाट नसते, तिथे ते वाढीव पाणी सामावणारी लहान एक्स्पान्शन टाकी लागते आणि तिच्यातली हवा घराच्या पाण्याच्या दाबाइतकी भरायची असते. तो दाब न मोजता बसवलेली एक्स्पान्शन टाकी असून नसल्यासारखी. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी कधीही बुच मारून बंद करू नका, ती ठिबकत असेल तर कारण दाबात शोधा. भूकंपप्रवण कॅलिफोर्नियात टाकीला वर आणि खाली असे दोन पट्टे बांधावेच लागतात.

वर्षभरात काळजी थोडीच. हवेची जाळी दोन-तीन महिन्यांनी झाडायची. टाकीच्या आतली अनोड कांडी गंजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. ती दोन-तीन वर्षांनी काढून पाहा, तार दिसायला लागली की बदला. अमेरिकेच्या केंद्र सरकारची ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. राज्याची आणि वीज कंपनीची सवलत अजून असेल तर ती बसवण्याआधी तपासा, कारण काही ठिकाणी अर्ज आधी करावा लागतो.

आता सोलापूरचं. हे सगळं वाचून घरच्यांसाठी हीट पंप मागवावा का, असं बरेच जण विचारतात. आमचं मत: एका कुटुंबासाठी आधी पाणी मोजा. चार माणसं, माणशी वीस लिटरची एक बादली, हिवाळ्यात २४ अंशांवरून ४० अंशांवर. हिशेब येतो दीड युनिट. इथे अमेरिकेत घरभराच्या गरम पाण्यावर नऊ युनिट जातात, तिथे बादलीवर दीड. साध्या गिझरऐवजी पंप लावला तर दिवसाला एखादं युनिट वाचेल, आणि तेही थंडीचे तीन-चार महिने. दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाला हजार-बाराशे रुपये. किमतीतला फरक त्यात वसूल होत नाही. वसतिगृह, लॉज, मंगल कार्यालय, जिथे रोज हजार लिटर गरम पाणी लागतं, तिथे मात्र सोलापूरची हवा हीट पंपाला अमेरिकेपेक्षा कितीतरी चांगली आहे.

गिझरवरचे तारे काय सांगतात हेही नीट समजून घ्या. भारतातलं स्टार लेबल साठवणीच्या गिझरचा उभा तोटा मोजतं, म्हणजे गरम पाणी नुसतं ठेवल्यावर चोवीस तासांत किती उष्णता निसटते ते. तापवण्यात एक तारा आणि पाच तारे जवळपास सारखेच. अंघोळीआधी पंधरा मिनिटं लावून बंद करणाऱ्या घरात पाच ताऱ्यांचा फायदा फार थोडा, दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात मोठा. बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर क्षाराचा पापुद्रा धरतो आणि पाणी तापायला वेळ लागत जातो. थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवलं तर क्षार कमी बसतो.

गच्चीवर जागा असेल तर आमची पहिली पसंती सोलर बंबालाच. सोलापुरात एक अडचण खास आहे, पाणी काही दिवसांआड येतं. वरची टाकी रिकामी झाली की सोलरच्या काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या तापतात आणि भर दुपारी पाणी आलं की त्यात थंड धार पडून काच तडकते. म्हणून सोलरला जाणारा व्हॉल्व्ह वेगळा ठेवा. टाकी रिकामी झालीच तर तो बंद करा, आणि भरायचं काम दिवस उगवायच्या आत किंवा रात्री नळ्या पूर्ण निवल्यावर करा. थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर हवा आणि हवेची उभी नळी थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर जायला हवी, नाही तर गरम पाणी तिथूनच वाहून जातं.

गॅस गिझर स्वस्त पडतो म्हणून बाथरूमच्या आत लावू नका. बंद दारामागे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याची नळी.